मोहाखालची काळी वर्तुळं

फाल्गुन अर्धा सरला की माझं काहीतरी बिनसतं. वर्गात शिकवताना मी फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत इतक्या फेऱ्या मारते, की माना वळवून वळवून मुलं दमतात. घरी चहा ठेवते आणि गच्चीवर जाते. खाली येईपर्यंत चहा उतू गेलेला असतो. आई म्हणते, पायाला भिंगरी लागली का तुझ्या? कॉलेजातल्या लिपिकबाई गोंदियाच्या रिवाजाप्रमाणे हिंदीतच विचारतात, "मॅडम, आप एक जगह टिकती क्यों नहीं?" मी हसून वेळ मारून नेते. गोंदिया शहराला चिकटलेल्या कुडव्यात राहणाऱ्या बाईला मोहफुलांचा वास कुठून येणार? इथे वास येतो तो राइस मिलच्या कोंड्याचा आणि गाड्यांच्या धुराचा. हे सगळं कळतं, पण नाक ऐकत नाही. ते शोधत राहतं.

यंदा मात्र नाकाच्या आधी फोनने गाठलं. हल्लीच्या फोनांना ही एक वाईट खोड आहे, कोणी विचारलेलं नसताना जुने फोटो काढून समोर धरायची. मी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात होते. एका हातात पालकाची जुडी, दुसऱ्या हातात फोन, आणि पडद्यावर आलं : सहा वर्षांपूर्वी, याच दिवशी. खाली ड्रोनने घेतलेला फोटो. करड्या, पानगळलेल्या जंगलाच्या उताराचा एक कोपरा आणि त्यावर काळी गोल वर्तुळं. कोणी काजळाचं बोट टेकवत गेल्यासारखी. मी ती मोजली. मला संख्या पाठ आहे, तरी मोजली. आठ. भाजीवाली म्हणाली, "बाई, जुडी घेऊन राहिली का ठेवून राहिली?" मी जुडी ठेवली आणि तशीच घरी आले.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे सर, ड्रोन उडवणारा निखिल आणि मी असा तिघांचा संसार. गोरेगावच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या एका गावी आम्ही माघ संपता संपता जायला लागलो. काम सांगायला सोपं होतं. डोंगराचा एकच उतार, दर चौथ्या दिवशी, त्याच उंचीवरून, त्याच वेळी टिपायचा आणि कुठलं मोहाचं झाड कधी फुलतं ते पाहायचं. जमिनीवर खुणेसाठी पांढऱ्या ताडपत्रीचे चौकोन अंथरायचे, ऊन डोक्यावर येऊन सावल्या झाडांच्या पायाशी आल्या की यंत्र वर सोडायचं. निखिल नागपूरचा, बोटांनी हुशार आणि उन्हाने हैराण. "बैटरी गरम हो रही है" हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा, की सरांना वाटे तो स्वतःबद्दलच बोलतोय. एकदा एक शिक्रा यंत्रावर झेपावला. निखिल ओरडला, मी धावले, सर चष्मा शोधत राहिले. शिक्र्याने जवळ येऊन पाहिलं आणि खाण्यासारखं काही नाही म्हणून निघून गेला.

तेव्हाही मी एका जागी बसत नव्हते, पण ती तगमग वेगळी होती. यंत्र वर गेलं की माझे पाय आपोआप त्याच्या खाली खाली चालू लागत. ठेच लागे, सागाच्या वाळक्या पानांचा मोठ्ठा आवाज होई, पळसाची शेवटची फुलं पायाखाली येत, आणि पुढे कुठेतरी एकदम तो वास. गोड, जड, किंचित आंबूस. ज्यांना तो आवडतो त्यांना तो जन्मभर पुरतो, आणि ज्यांना आवडत नाही त्यांच्याशी माझं कधी जमलेलं नाही.

इमलाबाई आम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटल्या. साठीच्या, काटक, कंबरेला पदर खोचलेला. गावातल्या गोंड घरांपैकी एक घर त्यांचं. त्या एका मोहाखाली झाडत होत्या आणि सरांना चित्रात माणसं नको होती. सरांनी मला पुढे केलं. मी म्हणाले, बाई, दहा मिनिटं बाजूला होता का, फोटो काढायचाय. त्यांनी आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्या भवऱ्याले भिऊन मोह फूल टाकाचा थांबला त?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही थांबणार. "मंग मीबी नाई थांबत," असं म्हणून त्यांनी झाडू चालू ठेवला. त्या दिवसापासूनच्या बहुतेक चित्रांत एक बारीकसा निळा ठिपका आहे. तो त्यांच्या लुगड्याचा.

नंतर आमची गट्टी जमली. मोहाची फुलं पहाटेपासून टपटपतात आणि खाली पाचोळा असला तर त्यात हरवतात. म्हणून फुलायच्या आधी झाडाखालची जागा साफ करतात, आणि सगळ्यांत सोपं म्हणजे पाचोळा जाळतात. सगळेच जाळतात, पण जंगलात काडी लावायला बंदी, म्हणून त्याबद्दल मोठ्याने कोणी बोलत नाही. पण इमलाबाईंचं जाळणं पाहण्यासारखं होतं. आधी झाडाभोवती दोन हात रुंदीचं कडं काढायच्या, माती दिसेपर्यंत लखलखीत झाडून. सगळा पाचोळा आत लोटायच्या. मग वारा पडलाय ना हे धूळ उडवून पाहायच्या आणि हातात हिरवी फांदी घेऊन काडी लावायच्या. आग मांजरासारखी अंग चोरून आतल्या आत फिरे. विझल्यावर मी निघायला उठले तर म्हणाल्या, "काऊन उठली? हात ठेवून पायल्याबिगर जाचा नाई. राख थंडी लागली पायजे." आणि खरोखरच चारी बाजूंनी राखेवर तळवा टेकवून पाहिला. मग तोच तळवा कपाळाला लावला.

त्यांच्या झाडांना नावं होती. एक साकरी, कारण तिचं फूल सगळ्यांत गोड. एक भुरी. एक सासूबाई, कारण ते झाड सासूच्या वाटणीतून आलेलं आणि फूल उशिरा टाकायचं. जंगलातलं झाड कोणाच्या सातबाऱ्यावर नसतं, पण कुठला मोह कोणी वेचायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं आणि त्यात भांडण नाही. "माजे सात," त्या म्हणायच्या. एकेक बोट दुमडत नावं घ्यायच्या आणि सातव्यावर थांबायच्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आम्ही पोवार. माळव्यातून आलेले पूर्वज, धानाची शेती, आणि घरात दिवसरात्र एकच विषय, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. ही बांधी आपली, ती काकांची, पलीकडची अमक्याची, मधला धुरा, म्हणजे बांध, कोणी किती कोरला. मी चालायला शिकले ती धुऱ्यावरून. आमच्या घरात जंगल म्हणजे शेवटच्या बांधीच्या पलीकडचं, ज्याला धुरा नाही ते. म्हणून ती चित्रं जोडून संगणकावर पूर्ण उतार पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला आनंदाने बसवेना. जंगलात बांध्या होत्या. काळी काळी गोल, प्रत्येक फुलणाऱ्या मोहाखाली एक. वर्तुळ आहे म्हणजे झाडाला धनी आहे. जमिनीवरून जे फिरून फिरून कळलं नसतं ते वरून एका नजरेत. मी सरांना म्हणाले, सर, हे मी शोधलंय. सर म्हणाले, छान.

छान म्हटल्यावर गप्प बसायचं असतं. मी बसले नाही. बांधी दिसली की नाव विचारायचं, हे रक्तातच. दोन दुपारी मी इमलाबाईंना घेऊन उतारावर हिंडले. हे कोणाचं, ते कोणाचं. त्या सांगत गेल्या, सहज, शेजारणीला सांगावं तसं. मी प्रत्येक वर्तुळाला आकडा दिला आणि आकड्यापुढे नाव लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या भागात मात्र हिशोब लागेना. त्या सात म्हणत होत्या, चित्रात त्या बाजूला वर्तुळं होती आठ. आठवं त्यांच्या सासूबाईला अगदी खेटून होतं. म्हाताऱ्या बाईची मोजणीत चूक झाली असेल असं मी धरलं आणि आठही त्यांच्या नावावर घातली. परत जाऊन विचारायचं मला सुचलं नाही. यंत्र चुकणार नाही, बाई चुकेल, एवढं साधं गणित होतं माझं.

मग एक बैठक झाली. मोठी खोली, पंखे, बिस्किटं. मी माझा नकाशा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतले वनखात्याचे एक साहेब चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले की, याची प्रत मिळेल का? चोरी झाली नाही, जबरदस्ती झाली नाही. मीच पेनड्राइव्ह पुढे केला. वर सांगितलंही, सर, नावं दुसऱ्या पानावर आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण दुसऱ्यांचं.

आठ-दहा दिवसांनी पलीकडच्या डोंगराला आग लागली. कशी लागली ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही. मोहाचा ऐन भर होता. आग विझली आणि गावात बोलावणी आली. ज्यांच्या नावापुढे वर्तुळं त्यांनी वनखात्याच्या कचेरीत यायचं. सगळ्यांत जास्त वर्तुळं इमलाबाईंची.

मी ताडपत्र्या गोळा करायला गेले तेव्हा हे कळलं. त्यांच्या दाराला कडी होती. शेजारची बाई सूप पाखडत म्हणाली, "कचेरीत बसवून ठेवलं तिले. तिसरा दिवस होय. कोनतरी यादी देल्ली म्हनतेत." मी उतारावर गेले. साकरीखाली फुलं पडून होती. कालची तपकिरी झालेली, परवाची काळी, आजची वर पिवळट पांढरी, रसरशीत. माश्या घोंगावत होत्या. चितळांच्या खुरांचे ठसे सगळीकडे. वर्षभर ज्या फुलांची भाकर होते, भाजी होते, ज्यांच्यावर घरातली अर्धी गरज भागते, ती फुलं वेचणारं माणूस दहा कोसांवर एका बाकावर बसलं होतं, आणि मोह काही कोणासाठी थांबत नाही. मी तिथून कचेरीत जायला हवं होतं. सांगायला हवं होतं की बाई कडं काढते, राखेवर हात ठेवून पाहते, मी बघितलंय. मी एसटी पकडली आणि गोंदियाला आले. भ्याले. दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मी मूळ चित्र उघडलं. बैठकीसाठी मी ते लहान करून नेलं होतं. मोठ्यात दिसलं ते लहानात पुसलं गेलं होतं. काळ्या वर्तुळांभोवती फिकट, स्वच्छ झाडलेलं कडं. साकरीभोवती, भुरीभोवती, सासूबाईभोवती. एकेक करत सात कडी. आणि आठव्याभोवती काही नाही. त्याची कड एका बाजूने फाटल्यासारखी, काळपट जीभ बाहेर आलेली.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. सातांना कडं काढणारी बाई आठव्याला कंटाळली असेल. म्हणजे चूक अगदीच माझी नाही. त्या एका कडं नसलेल्या वर्तुळाला टेकून मी सहा वर्षं काढली. एम.एस्सी. झाले, सर निवृत्त झाले, निखिल बंगळुरूला गेला आणि तिथे म्हणे शेतांवर ड्रोन उडवतो. मी इथेच शिकवायला लागले. आणि दर फाल्गुनात, खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, गाडी काढून त्या गावी जात राहिले. दरवेळी सांगायचं ठरवून. दरवेळी इमलाबाई मोहफुलाचा लाडू हातावर ठेवत, आईची चौकशी करत, गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत, आणि मी लाडू खाऊन परत येई. तो लाडू घशाखाली उतरायला सौंदडच्या मामाकडचं लग्नाचं जेवण उतरण्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचा.

यंदा निमित्तही होतं. आमच्या कॉलेजला नवं सर्वेक्षण मिळालंय. तोच उतार, नवं यंत्र, माझ्या वर्गातल्या चार मुली उडवायला शिकल्यात. निखिलपेक्षा बऱ्या उडवतात. सोबत छापील तक्ता आलाय आणि त्यात एक रकाना आहे : झाड कोण वेचतं. तक्ता माझ्या पिशवीत आठवडाभर होता. मी तो काढायचे, घडी घालायचे, परत ठेवायचे. मुली विचारायच्या, मॅडम, रविवारी जायचं का? मी म्हणायचे, बघू.

रविवारी मी एकटीच गेले. उजाडायच्या आधी स्कूटर काढली. गोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार, बांध्यांत पाणी, माझ्या ओळखीचं जग. मग धुरे संपले आणि वास आला.

इमलाबाई साकरीखाली उकिडव्या बसून वेचत होत्या. आता पाठ वाकली आहे, हात मात्र तेच, दोन बोटांत फूल आणि क्षणात टोपलीत. मला पाहून म्हणाल्या, "आली का? बस." मी बसले नाही. बसले असते तर लाडूपर्यंत प्रकरण गेलं असतं. मी इकडून तिकडे फिरत म्हणाले, "इमलाबाई, ती यादी माझी होती. नावं मी लिहिली होती."

"मालूम हाये," त्या म्हणाल्या. वेचणं थांबलं नाही. "नाव इचाराले दुसरा कोन आलता? तूच त आलती वही घेऊन."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू दरसाल येऊन राहिली होती. म्हटलं, सांगल कवातरी."

लाज कुठे कुठे वाटते ते तेव्हा कळलं, अगदी तळपायांत. आणि लाज वाटलेलं माणूस जे करतं तेच मी केलं, सापडलेली काठी पुढे केली. म्हणाले, "पण आठव्याला तुम्ही कडं का नव्हतं काढलं? सातांना होतं. आठव्याला नव्हतं."

आता हात थांबला. "कोनता आठवा?"

मी फोन काढला. बाजारात समोर आलेलं तेच चित्र मोठं करून धरलं. त्यांनी बोटं पदराला पुसली, फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. सहा वर्षांत हे चित्र मी त्यांना एकदाही दाखवलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या काचेला न लागता बोट फिरवत होत्या. "हे साकरी. हे भुरी. हे सासूबाई..." सात नावं झाली. निळ्या ठिपक्याशी थोडं थांबून हसल्या. मग बोट सासूबाईच्या शेजारी आलं आणि तिथेच राहिलं.

"हा माजा नाई," त्या म्हणाल्या. "माजे सात. तुले सांगलो होतो."

"मग कचेरीत?"

"त्याईनं कागद वाचला. म्हने, तुजे आठ झाड. मी म्हटलो, हो. आठ."

"पण का?"

"नाई म्हटलो असतो त त्याईनं इचारलं असतं, मंग आठवा कोनाचा?"

मोहावरून दोन फुलं टपकली, एक त्यांच्या पाठीवर. मी तेवढ्यात पुन्हा तोंड उघडलं. वाईट हेतू नव्हता. बांधी दिसली की नाव विचारायचं, एवढंच. "कोणाचं होतं ते?"

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. रागावल्या नव्हत्या. लहान पोराला विहिरीपासून बाजूला घ्यावं तशा आवाजात म्हणाल्या, "चार दिवस बसवून इचारत होते, त्याईले नाई सांगलो. तुलेही नाई सांगत."

आणि पुन्हा वेचायला वाकल्या. थोडं पुढे सरकल्यावर त्यांचा हात माझ्या चपलेपाशी आला.

"पाय काढ पोरी," त्या म्हणाल्या. "कवापासून फुलावरच चालून राहिली."

मी खाली पाहिलं. आल्यापासूनच्या माझ्या येरझाऱ्यांची वाट उमटली होती, ओली, चेंगरलेली, साकरीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. मी चपला काढून कड्याबाहेर ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसले.